बेचव बिअरचा दोष कुणाचा?

बिनअल्कोहोलच्या बिअरचा विषय निघाला की आपल्याकडे दोन शेरे ठरलेले असतात. पहिला थट्टेचा: चढणारच नसेल तर प्यायची कशाला? दुसरा जरा जाणकारीचा आव आणणारा: बिअरची चव ही मुळात अल्कोहोलचीच चव, ते काढून घेतलं की मागे उरतं गुळमट, फेसाळ पाणी, तेव्हा चांगल्या चवीची बिनअल्कोहोलची बिअर शोधत बसणं म्हणजे नसलेल्या वस्तूच्या मागे धावणं. थट्टेला उत्तर देण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या शेऱ्याला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या आडोशाने बाजारात बराच निकृष्ट माल खपतो आहे. ही वस्तू बेचवच असायची असं गिऱ्हाईकच म्हणत असेल, तर ती चवदार करण्याची तसदी कारखानदाराने का घ्यावी? माझं म्हणणं असं की बेचवपणाचा ठपका अल्कोहोलच्या अभावावर ठेवणं चूक आहे. तो ठेवायला हवा बनवण्याच्या पद्धतीवर, साठवणुकीतल्या हलगर्जीवर आणि न पिणाऱ्याला गृहीत धरणाऱ्या विक्रेत्यावर. हे तिन्ही दोष सुधारता येण्याजोगे आहेत, आणि जगात अनेक ठिकाणी ते सुधारले गेले आहेत.

आधी त्या अर्ध्या सत्याचं माप घेऊ. साध्या बिअरमध्ये सुमारे 5 टक्के अल्कोहोल असतं आणि ते तिथे केवळ नशेपुरतं नसतं. त्याला स्वतःची किंचित गोडी असते, घशाला जाणवणारी ऊब असते आणि घोट तोंडात भरीव वाटतो तो काही अंशी त्याच्यामुळे. याहून महत्त्वाचं म्हणजे वासाचे रेणू द्रवात धरून ठेवण्याचं काम ते करतं. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा, ज्याला या धंद्यात वर्ट म्हणतात, त्यात काही अल्डिहाइड असतात. त्यांतल्या मिथिओनालचा वास उकडलेल्या बटाट्यासारखा येतो. अल्कोहोल असलं की हे रेणू द्रवातच अडकून राहतात, ते नसलं की थेट नाकापर्यंत पोचतात. वाईट बिनअल्कोहोलच्या बिअरला येणारा तो कच्चट, काढ्यासारखा वास इथून येतो. तेव्हा अल्कोहोल गेल्याने काहीच बिघडत नाही असं सांगणारी जाहिरात खोटी आहे, हे मान्य करायला हवं.

पण 'काहीतरी जातं' आणि 'सगळंच जातं' यांत फार अंतर आहे. अल्कोहोल हीच बिअरची चव असती तर सोड्यात व्होडका मिसळून प्रमाण 5 टक्क्यांवर आणलं की बिअर तयार व्हायला हवी होती. तसं होत नाही. सारख्याच अल्कोहोलची पिल्सनर, बव्हेरियाची गव्हाची बिअर आणि काळी स्टाउट एकसारख्या लागायला हव्या होत्या. तशाही त्या लागत नाहीत. पिल्सनरचा कोरडा कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास असतो तो यीस्टने बनवलेल्या आयसोअमाइल ॲसिटेट आणि 4-व्हिनाइल ग्वायकॉल या संयुगांचा असतो. स्टाउटची कॉफीशी नातं सांगणारी चव करपेपर्यंत भाजलेल्या सातूची असते. जिभेला टोचणारी चुणचुण कार्बन डायऑक्साइडची, तर आंबटपणाची हलकी कड किण्वनात तयार झालेल्या आम्लांची. यांतल्या एकाही गोष्टीला अस्तित्वासाठी 5 टक्के अल्कोहोल लागत नाही. अल्कोहोल या सगळ्यांना एकत्र बांधतं, इतकंच. म्हणजे खरा प्रश्न चव शक्य आहे की नाही हा उरतच नाही. ते बांधून ठेवण्याचं काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने करायचं, हा उरतो.

या प्रश्नाला पहिलं औद्योगिक उत्तर मिळालं ते अमेरिकेत, आणि ते वाईट होतं. 1920 ते 1933 या काळात तिथे दारूबंदी होती. व्होल्स्टेड कायद्याने पेयातल्या अल्कोहोलची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा ब्रुअरींनी 'निअर बिअर' बाजारात आणली. नेहमीसारखी बिअर बनवायची आणि मग तापवून तिच्यातलं अल्कोहोल उडवून द्यायचं, ही त्यातली सरधोपट रीत. शुद्ध अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळतं. पण पाण्यात थोडंसंच मिसळलेलं असेल तर ते काढायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. आता वासाची जी संयुगं वर सांगितली त्यांतली बरीच अल्कोहोलइतकीच, काही तर त्याहून चंचल. अल्कोहोल उडालं तेव्हा त्याच्याबरोबर केळं, सफरचंद, हॉप्स, सगळे वास उडाले, आणि मागे राहिलेल्या द्रवाला शिजल्याची चव आली. बिनअल्कोहोलच्या बिअरची बदनामी सुरू झाली ती या पेयापासून. त्या बदनामीत तथ्य होतं, पण ते उकळण्याच्या रीतीपुरतं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओबडधोबड रीतीवरून आजच्या वस्तूचा निकाल लावणं हे न्यायाला धरून नाही.

कारण रीत बदलली आहे. भांड्यातली हवा काढून दाब खाली आणला तर अल्कोहोल चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपासही निघून येतं. तेवढ्या उबेत बिअर शिजत नाही, आणि सुरुवातीला निघून येणारा वासाचा अंश वेगळा गोळा करून शेवटी परत मिसळता येतो. दुसरी वाट पडद्याची: मोठ्या दाबाखाली बिअर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबली की पाणी आणि अल्कोहोल पलीकडे जातं, रंग, कडवटपणा आणि चवीचे मोठे रेणू अलीकडेच राहतात, मग ताजं पाणी घालून प्रमाण जुळवायचं. घरोघरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतलं 'आरओ' तत्त्व तेच. या दोन्ही रीतींत आधी खरी, पुरती आंबलेली बिअर तयार होते आणि मग तिच्यातून फक्त एक घटक काढला जातो. यंत्रं महाग असतात, काही वास तरीही निसटतात. पण परिणाम निअर बिअरच्या जवळपासही जात नाही.

दुसरा मोठा प्रवाह अल्कोहोल काढण्याऐवजी ते होऊच न देण्याचा. पूर्व जर्मनीत वाहनचालकाला रक्तात शून्य अल्कोहोलची सक्ती होती. तिथे 1972 साली चालकांसाठी म्हणून 'आउबी' ही बिअर निघाली. पश्चिम जर्मनीत फ्रँकफर्टच्या बिंडिंग ब्रुअरीने 1979 मध्ये क्लाउस्थालर आणली. किण्वन मध्येच थांबवायचं किंवा अगदी थंड तापमानात यीस्टला नावापुरतं काम करू द्यायचं, हा या पद्धतीचा गाभा. तिच्यातला धोका उघड आहे: साखर न आंबता राहते, वर्टचे अल्डिहाइड तसेच राहतात आणि पेय गोड होतं. पुढची प्रगती झाली ती यीस्टच्या निवडीतून. वर्टमधली निम्मी-अधिक साखर माल्टोज असते. सॅकरोमायकोड्स लुडविगी किंवा पिचिया क्लुव्हेरी यांसारखी यीस्टं माल्टोजला हातच लावत नाहीत. ग्लुकोजसारख्या साध्या साखरा तेवढ्या खातात. त्यामुळे अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं, पण यीस्ट जिवंतपणे काम करत असल्यामुळे फळांचे वास तयार होतात आणि बटाट्यासारख्या वासाची अल्डिहाइडही बरीचशी मोडली जातात. उरलेलं माल्टोज नेहमीच्या साखरेहून कितीतरी कमी गोड असतं. त्यावर शेवटी थंड अवस्थेत हॉप्स घातले की वासाची उणीव भरून निघते.

नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतं. नेहमीच्या रश्श्यातून नुसता कांदा-लसूण वगळणाऱ्याचं जेवण पांचट होतं, आणि हिंग, जिरं, ओलं खोबरं, चिंच-गूळ यांचा तोल नव्याने मांडणाऱ्याचं जेवण लोक बोटं चाटत जेवतात. त्या पंगतीतून उठून चव फक्त कांद्यात असते असं कुणी म्हणत नाही. बिअरच्या बाबतीत मात्र पांचट रस्सा हाच नियम आणि चांगला रस्सा हा अपवाद धरून आपण मोकळे होतो. कोणती बिअर निवडावी याचं उत्तरही याच तर्कातून निघतं. फिकट, नितळ लागरमध्ये लपायला जागा नसते. अल्कोहोलची उणीव तिथे पहिल्या घोटाला कळते. गव्हाची बिअर, भरपूर हॉप्सची पेल एल किंवा आयपीए आणि काळी स्टाउट यांत मात्र गहू, हॉप्स आणि भाजलेली सातू भरीवपणाचा आणि वासाचा भार उचलतात. ज्याने एखादी लागर चाखून सगळ्या प्रकारावर फुली मारली, त्याने सगळ्यात अवघड पेपरवरून शाळेचा निकाल लावला असं म्हणावं लागेल.

'लोकांनी नाकारली, म्हणजे वाईटच असणार' हा पुढचा आक्षेप. लोक नाकारतात त्यामागे नेहमी जीभ असते असं नाही. हायनेकन कंपनीने 1988 मध्ये बकलर नावाची कमी अल्कोहोलची बिअर आणली. 1989 च्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात यूप फान 'त हेक या डच विनोदवीराने ती पिणाऱ्यांची अशी काही रेवडी उडवली की नेदरलँड्समध्ये बकलरचा ग्लास हातात धरणं लाजेचं झालं आणि काही वर्षांत कंपनीला ती तिथल्या बाजारातून काढून घ्यावी लागली. त्याच नावाची बिअर इतर देशांत विकली जातच राहिली. मायदेशात ती पडली ती हशामुळे. थट्टेचा खरा तोटा हा असतो: मागणी मरते, मागणी मेली की संशोधन थांबतं, आणि संशोधन थांबल्यावर जी बेचव वस्तू उरते ती थट्टा करणाऱ्याला पुरावा म्हणून मिळते. हे चक्र उलटं फिरवता येतं हेही त्याच कंपनीने दाखवलं. 2017 मध्ये तिने आपल्या मुख्य नावानेच 0.0 ही बिअर आणली आणि ती आज डझनावारी देशांत विकली जाते. स्पेनमध्ये बिनअल्कोहोलची बिअर हा सर्वसामान्य दुपारच्या जेवणाचा भाग आहे. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी एका जर्मन ब्रुअरीने आपल्या खेळाडूंसाठी 3,500 लिटर बिनअल्कोहोलची बिअर पाठवली होती. ज्या देशातल्या बव्हेरियात बिअर कशाची करावी याचा कायदा 1516 मध्येच झाला, तिथले लोक हे पेय गंभीरपणे घेतात, हा पुरावा विनोदापेक्षा वजनदार मानायला हवा.

आता आपल्याकडे वळू, कारण 'चव अल्कोहोलमध्येच' हा समज आपल्याकडे इतका पक्का का, याचं कारण आपल्या बिअरमध्येच आहे. भारतात खपणारी बहुतांश बिअर स्ट्राँग असते, म्हणजे 5 टक्क्यांच्या वर आणि 8 टक्क्यांपर्यंत. 7 टक्क्यांच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण 36 ग्रॅम अल्कोहोल असतं. कराच्या रचनेत दारूच्या मानाने बिअरवर बोजा जास्त पडतो, ही बिअर उद्योगाची जुनी तक्रार. त्याचा परिणाम असा की गिऱ्हाईक रुपयामागे किती चढते याचा हिशेब करतं. या हिशेबात चवीचा रकानाच नाही. बर्फासारखी थंडगार करून, चकण्याच्या तिखटमिठाबरोबर, घाईघाईने घशाखाली उतरवायची वस्तू म्हणून जिची ओळख झाली, तिच्या चवीबद्दल निर्वाळा देण्याचा अधिकार त्या सवयीला कसा मिळतो? अशा पिणाऱ्याने बिनअल्कोहोलच्या बिअरला बेचव म्हणणं म्हणजे चव हरवल्याची तक्रार मुळी नव्हेच. हरवली आहे ती किक. तसं त्याने सरळ म्हणावं. ती तक्रार प्रामाणिक आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चवीची खरी तक्रार करायला जागा आहे ती दुकानातल्या फळीवर. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर पेय मद्य ठरतं. त्याच्या आतलं पेय थंड पेयांच्या रांगेत जाऊन बसतं. 2019 च्या सुमारास परदेशी नावांच्या 0.0 बिअर इथे आल्या, देशी नावंही आली. पण या रांगेत बिअर म्हणून मांडलेल्या अनेक बाटल्यांचा किण्वनाशी संबंध पुसट असतो: पाणी, साखर, माल्टचा अर्क, आम्लता नियंत्रक आणि पीच किंवा स्ट्रॉबेरीचा स्वाद. हे पेय कुणाला आवडत असेल तर त्याने जरूर प्यावं, पण ते चाखून बिनअल्कोहोलच्या बिअरबद्दल मत बनवू नये. ओळखायची खूण लेबलावर आहे. घटकांच्या यादीत सातूचं माल्ट आणि हॉप्स आहेत का, साखर वेगळी घातली आहे का, आणि 100 मिलिलिटरमागे एकूण साखर किती, हे तीन प्रश्न पुरतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या हायनेकन 0.0 मध्ये हा आकडा दीड ग्रॅमच्या आत असतो. साध्या कोलामध्ये तो साडेदहा ग्रॅमच्या आसपास जातो. ज्या बाटलीचा आकडा कोलाच्या शेजारी बसतो, ती कोलाचीच बहीण.

लेबल चांगलं असूनही बाटली वाईट लागते, त्याचं कारण अनेकदा वाटेत घडलेलं असतं. हॉप्समधली कडू संयुगं प्रकाशात बिघडतात आणि उग्र, कुजकट वास सोडतात. हिरव्या किंवा पारदर्शक काचेत हे पटकन होतं, तपकिरी काचेत सावकाश, कॅनमध्ये होतच नाही. उष्णतेने बिअर शिळी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मद्याची बिअर निदान वाइनशॉपच्या फ्रिजमध्ये असते. बिनअल्कोहोलची थंड पेय ठरल्यामुळे किराणा दुकानाच्या दारात उन्हात किंवा ऑनलाइन विक्रेत्याच्या तापलेल्या गोदामात महिनोन्महिने पडते, आणि तिच्याकडे तर वास झाकायला अल्कोहोलही नसतं. मे महिन्यात नागपुरात अशा बाटलीला चव राहणं हाच चमत्कार. म्हणून कॅन घ्यावा, उत्पादनाची तारीख पाहावी, तीन-चार महिन्यांच्या आतली बिअर घ्यावी आणि गोठवून न पिता सहा ते आठ अंशांवर ग्लासात ओतून प्यावी. अती थंड द्रवातून वास वर येत नाही, आणि या बिअरची निम्मी कमाई वासातच आहे.

यावर एक घरगुती आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे सोलकढी आहे, ताक आहे, पन्हं आहे, लिंबू सरबत आहे. मग हे परकं सोंग कशाला? या पेयांचा कमीपणा सांगायचा माझा हेतू नाही. पण यादी पुन्हा वाचा: आंबट, गोड, खारट, आंबटगोड. कडू यात कुठेच नाही. बारमध्ये किंवा समारंभात न पिणाऱ्याच्या हातात फ्रेश लाइम सोडा किंवा रंगीत, गोड मॉकटेल येतं; ते दहा मिनिटांत संपतं आणि दुसरं मागवावंसं वाटत नाही, कारण गोडाने तोंड फिरतं. कडवट पेय सावकाश प्यायलं जातं. तळलेल्या बोंबलाबरोबर, चकलीबरोबर ते जातं, तोंड स्वच्छ करतं आणि तास-दीड तास गप्पांना साथ देतं. हे काम आपल्या परंपरेतलं कोणतंही थंड पेय करत नाही. कोणी कोकमाचं किंवा कारल्याचं तसं पेय काढलं तर त्याचंही स्वागतच आहे. तोवर सातू आणि हॉप्सला परकं म्हणून नाकारण्याचं कारण नाही. बटाटा, मिरची आणि चहा यांना आपण ते कारण लावलं नाही.

पुढचा आक्षेप नैतिक आहे आणि गंभीर आहे. मद्याच्या जाहिरातीला बंदी असल्यामुळे कंपन्या तेच नाव सोड्यावर, पाण्याच्या बाटलीवर, गाण्यांच्या सीडीवर लावून जाहिरात करत आल्या, 0.0 हा त्याच माळेतला नवा मणी नाही कशावरून? संशय रास्त आहे. कतारमध्ये 2022 च्या विश्वचषकाच्या तोंडावर स्टेडियमच्या आवारात मद्याच्या बिअरवर बंदी आली तेव्हा तिथे उरली ती ती बिअर बनवणाऱ्याच कंपनीची शून्य अल्कोहोलची बिअर, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही एका मोठ्या मद्य कंपनीचं नाव 0.0 च्या रूपाने झळकलं. पण या संशयाची कसोटी कोणती? जी वस्तू केवळ नाव मिरवायला काढलेली असते, तिच्या चवीकडे कुणी लक्ष देत नाही. ती फलकावर दिसते, दुकानात मिळत नाही, मिळाली तर प्यावीशी वाटत नाही. चव हीच इथे प्रामाणिकपणाची परीक्षा आहे. चांगल्या चवीची, सगळीकडे मिळणारी, स्वतःच्या बळावर विकली जाणारी बिनअल्कोहोलची बिअर मागणारा ग्राहक छुप्या जाहिरातीला जितका अडवतो, तितकं नुसती नाकं मुरडणारा अडवत नाही. जाहिरातीवर कडक नियम हवेत, ही बाटली शाळकरी मुलांच्या हातात जाऊ नये म्हणून दुकानात वेगळी मांडणी आणि वयाची अट हवी. या मागण्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. चव चांगली होण्याशी त्यांचा विरोध नाही.

'मग अर्ध्या टक्क्याचं काय?' असंही विचारलं जातं. 330 मिलिलिटरच्या कॅनमध्ये अर्धा टक्का म्हणजे साधारण 1.3 ग्रॅम अल्कोहोल. पिकलेलं केळं, पाव, फळांचा रस यांतही अल्कोहोलचा अंश असतोच, आणि निरोगी शरीर इतकं प्रमाण चढण्याच्या आत निकालात काढतं. तरीही सगळ्यांना एकच सल्ला देणं बेजबाबदारपणाचं होईल. ज्याने धर्माच्या कारणाने अल्कोहोल वर्ज्य मानलं आहे त्याने, आणि गरोदर स्त्रीने, अर्ध्या टक्क्याची बाटली टाळावी, 0.0 लिहिलेलीही आपल्या श्रद्धेला किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याला पटत असेल तरच घ्यावी. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने तर चांगल्या चवीची बिअर अधिकच सावधपणे दूर ठेवावी, कारण तोच वास, तोच फेस जुनी ओढ जागी करू शकतो. हे अपवाद मोठे आहेत, पण ते अपवादच आहेत. त्यांच्या बाहेर गाडी चालवणारा आहे, औषध घेणारा आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला जाणारा आहे आणि अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेचं जानेवारी 2023 मधलं निवेदन मनावर घेतलेला माणूसही आहे. या सगळ्यांना चव मागण्याचा हक्क आहे.

शेवटी किमतीचं. उत्पादनशुल्क नसताना ही बाटली महाग का, असा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर कारखान्यात आहे. आधी पूर्ण बिअर बनवून मग तिच्यातून अल्कोहोल काढायला यंत्रं आणि वीज लागते; अल्कोहोलचं आणि पुरेशा आम्लतेचं संरक्षण नसल्यामुळे जंतूंपासून जपावं लागतं. गिनेस 0.0 ऑक्टोबर 2020 मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात दूषित होण्याच्या शक्यतेमुळे परत बोलवावी लागली. प्रक्रिया सुधारून ती 2021 मध्ये पुन्हा बाजारात आली. इतक्या अनुभवी ब्रुअरीला जे अवघड गेलं ते स्वस्तात होणार नाही. उरलेलं अर्धं उत्तर मात्र विक्रेत्याच्या मनोवृत्तीत आहे: न पिणारा एकदाच मागवणार, तेव्हा त्याच्याकडून एकदाच वसूल करा. ती मनोवृत्ती चांगल्या चवीनेच मोडेल, कारण चव चांगली असेल तर गिऱ्हाईक पुन्हा मागवतं.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. पुण्यात 2009 मध्ये दूलाली या ब्रुअरीने सुरुवात केली तेव्हापासून महाराष्ट्रात लहान ब्रुअरींची एक पिढी तयार झाली आहे, आणि माल्टोज न खाणाऱ्या यीस्टमुळे महाग यंत्रांशिवायही बिनअल्कोहोलची बिअर बनवता येते. आम्लता आणि पाश्चरीकरण सांभाळून त्यांनी निदान एक गव्हाची आणि एक हॉप्सची बिअर नळावर ठेवावी. दुकानदाराने ती फ्रिजमध्ये ठेवावी. कंपनीने पद्धत लेबलावर छापावी: अल्कोहोल काढलं की होऊ दिलं नाही, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि वाचकहो, आपण दोन गोष्टी कराव्यात: साखरेचा आकडा आणि उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय बाटली घेऊ नये, आणि वाईट निघालेल्या बाटलीला तिच्या नावानिशी वाईट म्हणावं, सगळ्या प्रकाराला नव्हे. चांगली बिनअल्कोहोलची बिअर बनवता येते, हे सिद्ध झालेलं आहे. ती आपल्याला मिळत नसेल, तर ती आपण अजून मागितलेली नाही.